पाण्यातले जिवाणू विजेने ओळखता येतील का?

काही दिवसांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात पिण्याच्या पाण्याविषयी चर्चा चालू होती. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर जिवाणू तपासणीचा अहवाल हाती यायला निदान दोन दिवस लागतात, असे आम्ही सांगत होतो. तेव्हा मागच्या बाकावरून एका बाईंनी विचारले, "माझ्या सासूबाईंची रक्तातली साखर घरच्या यंत्रावर पाच सेकंदांत कळते. मग पाण्यातले जंतू कळायला दोन दिवस का लागावेत? तसलेच एखादे यंत्र पाण्यासाठी का नाही?"

प्रश्न अगदी रास्त होता, आणि शिबिराच्या वेळात त्याचे धड उत्तर देणे आम्हाला जमले नाही. साखर मोजणारे ते यंत्र म्हणजे एक विद्युतरासायनिक संवेदक. रासायनिक क्रियेत इलेक्ट्रॉनांची देवघेव होते, ती विद्युतप्रवाहाच्या रूपात मोजायची, हे त्याचे तत्त्व. याच तत्त्वावर पाण्यातले जिवाणू ओळखण्याचे प्रयत्न जगभर अनेक वर्षे चालू आहेत, आणि 'आता काही मिनिटांत कळणार पाण्यातले जंतू' अशा बातम्याही अधूनमधून वाचायला मिळतात. तरीही आपल्या गावात नमुना अजून प्रयोगशाळेतच जातो. असे का, ते आपण पाहू.

शोधायचे कोणाला?

पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ हे रोग दूषित पाण्यातून पसरतात. प्रत्येकाचा जंतू निराळा. या सगळ्यांचा एकेक करून शोध घ्यायचा तर दररोज डझनभर चाचण्या कराव्या लागतील. शिवाय रोगजंतू पाण्यात फार थोडे असतात, आणि ते सापडेपर्यंत रोग पसरलेलाही असतो. म्हणून एक सोपी युक्ती वापरतात. रोगजंतू शोधण्याऐवजी पाण्यात विष्ठा मिसळली आहे का, तेवढे पाहायचे.

याची खूण म्हणजे एश्चेरिशिया कोलाय, थोडक्यात ई. कोलाय, हा जिवाणू. जर्मन-ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एश्चेरिश यांनी १८८५ मध्ये त्याचे वर्णन केले. माणसाच्या आणि इतर उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात तो मोठ्या संख्येने राहतो. एक ग्रॅम विष्ठेत तो कोट्यवधी असतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी आहेत. पण तो पाण्यात सापडला तर आतड्यातून निघालेले काहीतरी त्या पाण्यात पोचले आहे, हे नक्की. जिथून तो आला, तिथून रोगजंतूही येऊ शकतात. घरात उंदीर दिसला नाही तरी लेंड्या दिसल्या की आपण सावध होतो, तसेच हे.

भारतीय मानक ब्यूरोचे पिण्याच्या पाण्याचे मानक, आय.एस. १०५००, सांगते की पिण्याच्या पाण्याच्या कोणत्याही १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय आढळता कामा नये. हा आकडा लक्षात ठेवा. पुढची सारी अडचण त्यातच आहे.

दोन दिवस कशात जातात?

प्रयोगशाळेची जुनी रीत अशी. काचनळीत मॅकॉन्की नावाचा पोषक द्रव घेतात. त्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पित्तक्षार आणि आम्ल ओळखणारे रंजक असते. नळीच्या आत दुसरी एक बारीक नळी उलटी ठेवलेली असते. त्यात पाण्याचा नमुना घालून ३७ अंश सेल्सिअस तापमानाला २४ ते ४८ तास ठेवतात. कोलाय गटातले जिवाणू असले तर ते लॅक्टोज आंबवतात. आम्लाने रंग पालटतो आणि उलट्या नळीत वायूचा बुडबुडा धरला जातो. मग खात्रीसाठी ४४ अंशाला पुन्हा एकदा तपासणी करतात. दुसऱ्या रीतीत १०० मिलिलिटर पाणी ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या पातळ पटलातून गाळतात. जिवाणू पटलावर अडकतात. पटल पोषक माध्यमावर ठेवले की दुसऱ्या दिवशी प्रत्येक जिवाणूच्या जागी डोळ्यांना दिसणारा ठिपका तयार होतो. ठिपके मोजले की जिवाणू मोजले.

खेड्यांसाठी एक सोपी चाचणीही आहे, आणि ती आपल्याच देशात तयार झाली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य आणि राव या संशोधकांनी ती १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. छोट्या बाटलीत पोषक द्रव्य आणि लोहाचा क्षार शोषलेला कागद असतो. विष्ठेतले काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, त्याने लोहाचे काळे सल्फाइड बनते आणि बाटलीतले पाणी काळे पडते. ई. कोलाय स्वतः सहसा हा वायू सोडत नाही, त्याच्या सोबतीचे जिवाणू सोडतात. ही बाटली अनेक शिक्षकांनी पाहिली असेल. तिलाही एक रात्र तरी द्यावीच लागते.

या सर्व रीतींत माणसाचे काम अर्ध्या तासाचे आहे. उरलेला वेळ जिवाणू वाढण्यात जातो.

वॉकर्टनचा धडा

हा वेळ किती महाग पडू शकतो, याचे एक चांगले नोंदलेले उदाहरण कॅनडातले आहे. ऑन्टॅरिओ प्रांतात वॉकर्टन नावाचे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे. मे २००० मध्ये तिथे जोराचा पाऊस झाला आणि शेतातल्या गुरांच्या शेणखतातले जिवाणू पाणीपुरवठ्याच्या एका उथळ विहिरीत उतरले. त्यांत ई. कोलायचा ओ१५७:एच७ हा घातक प्रकार होता. चौकशीत असे दिसले की मुख्य दूषण १२ मेच्या सुमारास झाले. १५ मे रोजी नमुने घेतले गेले. पाणी दूषित असल्याचा अहवाल १७ मे रोजी पाणीपुरवठा विभागाकडे आला, पण तो आरोग्य खात्यापासून दडवून ठेवला गेला. पाणी उकळून प्या, असा इशारा लोकांना मिळाला तो २१ मे रोजी, तोही आजारी माणसे पाहून आरोग्य खात्याने स्वतःहून दिला. गावातले सुमारे २३०० लोक आजारी पडले आणि सात दगावले.

इथे माणसांच्या चुका मोठ्या होत्या, त्याकडे आपण शेवटी येऊ. पण सगळे प्रामाणिक असते तरी १२ ते १७ मे हे दिवस गेलेच असते. लोक पाणी पीतच होते. चाचणी दोन दिवसांऐवजी काही तासांत होऊ शकली तर किती फरक पडेल, हे यावरून लक्षात येते. विद्युतरासायनिक संवेदकांमागे एवढी धडपड आहे ती याचसाठी.

साखर आणि जिवाणू: एक हिशेब

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. साखर मोजण्याच्या पट्टीवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर असते. विकर म्हणजे जैविक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. हे विकर ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन घेते, पट्टीवरचा एक मध्यस्थ पदार्थ ते इलेक्ट्रोडपर्यंत नेऊन पोचवतो, आणि यंत्र प्रवाह मोजते. विकर आणि इलेक्ट्रोड यांची ही सांगड घालण्याची कल्पना अमेरिकेतील लेलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडली.

पट्टीला एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, रक्त पुरते. एवढ्याशा थेंबात ग्लुकोजचे रेणू किती? रक्तातली साखर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम धरली आणि अव्होगाड्रो अंक वापरला, तर उत्तर सुमारे ३३ कोटी कोटी येते. (अकरावी-बारावीच्या मुलांकडून हा हिशेब जरूर करून घ्यावा. ग्लुकोजचे रेणुवस्तुमान १८० आहे.) म्हणजे पट्टीपाशी रेणूंची प्रचंड गर्दी आहे. त्यातले काही इलेक्ट्रोडला भिडले तरी काम झाले.

पाण्यात काय स्थिती आहे? मानक म्हणते, १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. म्हणजे यंत्राला १०० मिलिलिटरमधला एक जिवाणू ओळखता आला पाहिजे. ई. कोलायची लांबी सुमारे दोन मायक्रॉन आणि जाडी त्याच्या निम्मी किंवा थोडी कमी. त्याचे आकारमान साधारण एक घन मायक्रॉन धरले, तर १०० मिलिलिटर पाणी त्याच्या एक कोटी कोटी पट भरते. अडीचशे एकर रानात पुरुषभर उंचीचा तांदळाचा थर पसरला आहे आणि त्यात एकच खडा आहे, असे समजा. तो खडा शोधायचा आहे.

शिवाय संवेदकाचा इलेक्ट्रोड नखाएवढा असतो. त्यावर फार तर दहा मायक्रोलिटरचा थेंब मावतो. १०० मिलिलिटरमध्ये असे दहा हजार थेंब होतात. जिवाणू नेमका आपल्या थेंबात असण्याची शक्यता दहा हजारांत एक. यंत्र कितीही संवेदनशील असले तरी जो थेंबात आलाच नाही त्याला ते कसे ओळखणार?

तेव्हा खरी अडचण प्रवाह मोजण्यात नाही. अडचण विरळपणाची आहे. म्हणून या विषयातल्या प्रत्येक संशोधकाला दोन कामे करावीच लागतात. पुष्कळ पाण्यातले जिवाणू थोड्या जागेत गोळा करायचे, आणि एकाचे अनेक होतील असे काहीतरी करायचे. निरनिराळ्या संवेदकांत फरक आहे तो मुख्यतः ही दुसरी गोष्ट कशी साधली यात.

जिवाणू आणि इलेक्ट्रॉन

पण मुळात जिवाणूचा विजेशी संबंध काय? अन्न जाळून ऊर्जा मिळवायची म्हणजे अन्नातले इलेक्ट्रॉन काढून ते शेवटी कोणाला तरी द्यायचे. आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनला देतो. ई. कोलायही ऑक्सिजन असेल तर त्यालाच देतो. इंग्लंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्ये दाखवले की यीस्ट आणि जिवाणू अन्नाचे विघटन करत असताना प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडांमधून थोडी वीज मिळते. जिवाणूच्या देवघेवीतले इलेक्ट्रॉन बाहेर काढता येतात, हे त्यातून दिसले.

याचा एक प्रयोग कोणत्याही शाळेत करता येतो. दूधसंघात दुधाचा ताजेपणा तपासायला तो अनेक वर्षे वापरला गेला आहे. सूक्ष्मदर्शकाच्या कामासाठी शाळेत मेथिलिन ब्लू हे निळे रंजक असतेच. त्याचे अगदी सौम्य, फिकट निळे द्रावण करा. तीन स्वच्छ परीक्षानळ्या घ्या. पहिलीत १० मिलिलिटर ताजे न तापवलेले दूध, दुसरीत सकाळपासून तसेच बाहेर ठेवलेले कच्चे दूध, तिसरीत उकळून गार केलेले दूध घ्या. प्रत्येकीत एक मिलिलिटर निळे द्रावण घाला, बूच लावा, एकदा हळूच उलटीसुलटी करा आणि सुमारे ३७ अंशाच्या कोमट पाण्यात उभ्या करून ठेवा. दर दहा मिनिटांनी निरीक्षण नोंदवा.

शिळ्या दुधाची नळी आधी पांढरी होईल. ताज्या दुधाला काही तास लागतील. उकळलेल्या दुधाचा निळा रंग टिकून राहील. जिवाणूंनी दुधातला ऑक्सिजन संपवला की त्यांच्या क्रियांतले इलेक्ट्रॉन मेथिलिन ब्लूकडे जातात. त्याचे क्षपण होते आणि ते रंगहीन होते. आता पांढरी झालेली नळी जोराने हलवा. हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि निळा रंग परत येतो. (प्रयोगातले दूध कोणी पिऊ नये. नंतर ते उकळून फेकावे. आणि हाच प्रयोग गटारातल्या किंवा विहिरीतल्या पाण्यातले जिवाणू वाढवून करू नये. रोगजंतू वाढवण्याची जागा वर्ग नव्हे.)

या प्रयोगात इलेक्ट्रॉन परत घेण्याचे काम हवेने केले. हवेच्या जागी योग्य विद्युतदाब दिलेला इलेक्ट्रोड ठेवला तर तोही ते घेईल, आणि तारेतून प्रवाह वाहील. रंग जाण्याची वाट पाहण्याऐवजी प्रवाह मोजता येईल. मेथिलिन ब्लू इथे जिवाणू आणि इलेक्ट्रोड यांच्यातला मध्यस्थ झाला. साखरेच्या पट्टीतल्या मध्यस्थाचे काम हेच आहे.

पहिली वाट: वाढू द्या आणि वाहकता मोजा

सर्वांत जुनी वाट याहून सरळ आहे. साखरेच्या द्रावणात पेन्सिलीतल्या शिशाच्या दोन कांड्या बुडवून नऊ व्होल्टची बॅटरी आणि मल्टिमीटर जोडा. प्रवाह जवळजवळ नसतो. साखरेऐवजी पातळ व्हिनेगर घ्या, काटा हलतो. साखरेचे रेणू विद्युतभाररहित आहेत. आम्लाचे आयन मात्र वीज वाहून नेतात. जिवाणू साखर खातात आणि आम्ले सोडतात, प्रथिने खातात आणि अमोनियम आयन सोडतात. म्हणजे ते पोषक द्रवाची विद्युतवाहकता वाढवत जातात. जी. एन. स्ट्युअर्ट यांनी १८९९ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केले होते.

या रीतीत नमुना पोषक द्रवात घालून त्यात दोन इलेक्ट्रोड ठेवतात आणि प्रत्यावर्ती विद्युतदाब देऊन वाहकता सतत पाहतात. दर मिलिलिटरला साधारण दहा लाख ते एक कोटी जिवाणू झाले की वाहकतेतला बदल स्पष्ट दिसतो. म्हणजे डोळ्यांना ठिपका दिसण्याची वाट पाहावी लागत नाही. पण दहा लाखांपर्यंत पोचावे तर लागतेच.

किती वेळात? ई. कोलायला उत्तम अन्न आणि ३७ अंश तापमान मिळाले तर तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे वीस वेळा दुप्पट केले की १०,४८,५७६ होतात. वीस गुणिले वीस मिनिटे म्हणजे ६ तास ४० मिनिटे. सुरुवात एक हजार जिवाणूंनी झाली तर दहाच वेळा दुप्पट व्हावे लागते, म्हणजे ३ तास २० मिनिटे. यात एक फायदाही आहे. वाहकता किती वेळाने वाढली त्यावरून सुरुवातीला जिवाणू किती होते याचा अंदाज येतो. पण गार, अन्न नसलेल्या पाण्यातून आलेला, कदाचित क्लोरीनने अर्धमेला झालेला जिवाणू लगेच दुप्पट व्हायला लागत नाही. त्याला सावरायला काही तास लागतात. ते वरच्या हिशेबात धरावे लागतात.

दुसरी वाट: विकराची खूण

वाहकता कोणत्याही जिवाणूने वाढते. तो ई. कोलायच आहे कशावरून? आणि दहा लाखांपर्यंत न थांबता हजारांतच काम होईल का? या दोन्ही प्रश्नांवर एक सुंदर उपाय आहे.

लॅक्टोज फोडण्यासाठी कोलाय गटातले जिवाणू बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर वापरतात. फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी जनुकांच्या नियंत्रणाचा सिद्धांत याच विकराच्या अभ्यासातून १९६१ मध्ये मांडला. त्यांना आणि आंद्रे ल्वॉफ यांना १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लॅक्टोजसारखा पदार्थ समोर आला की जिवाणू हे विकर सुमारे हजारपट वाढवतो, हे त्या अभ्यासातले गमक. नमुन्यात असा पदार्थ मुद्दाम घातला की एकेका जिवाणूत विकराचे हजारभर रेणू तयार होतात. एकाचे अनेक करण्याचे काम जिवाणू स्वतःच्या पोटातच करतो.

लॅक्टोज म्हणजे गॅलॅक्टोज आणि ग्लुकोज यांची जोडी. रसायनतज्ज्ञांनी यातल्या ग्लुकोजच्या जागी पॅरा-अमिनोफेनॉल हा पदार्थ बसवला. पॅरासिटामॉल बनवताना लागतो तोच हा पदार्थ. जोडीत बांधलेला असताना तो इलेक्ट्रोडवर गप्प असतो. विकराने जोडी फोडली की मोकळा झालेला प्रत्येक रेणू इलेक्ट्रोडला दोन इलेक्ट्रॉन देतो. जिथे विकर नाही तिथे प्रवाह नाही.

एका जिवाणूपासून किती प्रवाह मिळेल? विकराचे एक हजार रेणू आणि प्रत्येकाकडून सेकंदाला शंभर जोड्या फोडल्या जातात, असे धरून चालू. म्हणजे सेकंदाला एक लाख रेणू मोकळे, दोन लाख इलेक्ट्रॉन. ऐकायला मोठा आकडा वाटतो. पण एक अँपियर म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ हजार कोटी कोटी इलेक्ट्रॉन. भागाकार केला तर एका अँपियरचा तीस लाख कोटीवा भाग येतो. शाळेतल्या मायक्रोअमीटरवर काटा हलण्याचा प्रश्नच नाही. दहा लाख जिवाणू असले तर एका मायक्रोअँपियरचा तिसावा भाग होईल, तोही प्रत्येक रेणू इलेक्ट्रोडपर्यंत पोचला तर. प्रयोगशाळेतली चांगली यंत्रे यापेक्षा बरेच कमी प्रवाह मोजतात, आणि विकराला तासभर काम करू दिले की मोकळे रेणू साठत जातात. म्हणून या रीतीत वाढीच्या काही पायऱ्या वाचतात.

सगळे इतके सुरळीत नाही. विकर जिवाणूच्या आत असते, तेव्हा मोजण्याआधी त्याची भिंत सैल करावी लागते. पॅरा-अमिनोफेनॉलला हवेतला ऑक्सिजनही हळूहळू बिघडवतो. पाण्यातले लोह, क्षार आणि सेंद्रिय पदार्थ इलेक्ट्रोडवर बसतात किंवा स्वतःच इलेक्ट्रॉन देतात. प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्यात नेमके चालणारे यंत्र पावसाळ्यातल्या गढूळ विहिरीवर गोंधळते, ते यामुळे.

शिवाय बीटा-गॅलॅक्टोसिडेज मातीत आणि झाडांवर राहणाऱ्या काही कोलाय गटातल्या जिवाणूंतही असते. म्हणून खास ई. कोलायसाठी बीटा-ग्लुक्युरोनिडेज हे दुसरे विकर शोधतात. ई. कोलायच्या बहुतेक प्रकारांत ते क्रियाशील असते. पण वॉकर्टनमधला ओ१५७:एच७ हा घातक प्रकार नेमका या चाचणीला दाद देत नाही! मग चाचणी निरुपयोगी म्हणायची का? नाही. शेणातून तो एकटा येत नाही, त्याच्याबरोबर साधे ई. कोलायही येतात आणि ते चाचणीत सापडतात. आपण चोराला नव्हे, वाट उघडी राहिल्याची खूण शोधत आहोत, हे इथे पुन्हा आठवावे.

तिसरी वाट: प्रतिपिंडांचा गळ

वाढ पूर्णपणे टाळण्याचा एक प्रयत्न आहे. ई. कोलायला नेमके चिकटणारे प्रतिपिंड इलेक्ट्रोडवर बसवतात. जिवाणू येऊन चिकटला की इलेक्ट्रोडचा थोडा पृष्ठभाग झाकला जातो आणि विद्युतरोध बदलतो. बातम्यांतली 'काही मिनिटे' बहुधा या जातीच्या संवेदकांची असतात.

इथे दोन अडचणी येतात. मेलेला जिवाणूही प्रतिपिंडाला तितकाच चिकटतो. क्लोरीन टाकून सुरक्षित केलेल्या पाण्यातही यंत्र धोक्याची घंटा वाजवू शकते. दुसरी अडचण आपण पाहिलीच आहे. थेंबात जिवाणू असला तरच तो गळाला लागणार. म्हणून मोठा नमुना गाळून किंवा प्रतिपिंड लावलेले चुंबकीय कण त्यात फिरवून जिवाणू आधी गोळा करावे लागतात. त्या तयारीचा वेळ बातमीत सहसा मोजलेला नसतो.

बातमी वाचताना

अशी बातमी वर्गात वाचली तर मुलांना पुढचे प्रश्न विचारायला लावावेत. यंत्राने किती पाणी तपासले? सांगितलेल्या वेळात जिवाणू गोळा करण्याचा आणि वाढवण्याचा वेळ धरला आहे का? जिवंत आणि मेलेले यांत फरक कळतो का? तपासलेले पाणी नळाचे, विहिरीचे की प्रयोगशाळेचे?

आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न एककाचा. 'मिलिलिटरला दहा जिवाणूही ओळखतो' हे ऐकून आपण खूष होतो. पण मिलिलिटरला दहा म्हणजे १०० मिलिलिटरला एक हजार. मानक मागते त्यापेक्षा हे यंत्र हजारपटीने मागे आहे. नदीचे किंवा सांडपाण्याचे दूषण पाहायला ते उपयोगी पडेल, पिण्याच्या पाण्याला 'सुरक्षित' म्हणायला नाही. एका साध्या गुणाकाराने इतका फरक दिसतो.

तोवर काय मोजायचे?

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. रक्ताच्या थेंबात साखरेचे रेणू कोटी कोटींनी असतात, म्हणून पाच सेकंद पुरतात. जिवाणू एकटा असतो. त्याचे किंवा त्याच्या विकराचे अनेक होईपर्यंत थांबावेच लागते. चांगला विद्युतरासायनिक संवेदक दोन दिवसांची वाट एका दिवसाच्या कामाच्या तासांवर आणू शकतो, आणि ते थोडे नाही. पाच सेकंदांवर मात्र तो आणू शकत नाही.

पण पाच सेकंदांत कळेल असे पाण्यात दुसरे काही आहे. ते म्हणजे क्लोरीन. मानकाप्रमाणे क्लोरीन घातलेल्या पाण्यात शेवटच्या नळाशी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरले पाहिजे. इतक्या थोड्या क्लोरीनचे एका मिलिलिटरमध्ये रेणू किती होतात? सुमारे १७ कोटी कोटी. म्हणजे पुन्हा साखरेसारखीच गर्दी! म्हणून क्लोरीन मोजणारे विद्युतरासायनिक संवेदक जलशुद्धीकरण केंद्रांत दिवसरात्र चालू असतात. पाण्यात अचानक घाण आली तर क्लोरीन तिच्याशी क्रिया करण्यात खर्च होते आणि उरलेले झपाट्याने घटते. जिवाणू न मोजताच इशारा मिळतो. काही परोपजीवींच्या पुटीवर मात्र क्लोरीनचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून गढूळपणावरही लक्ष ठेवावे लागते.

वॉकर्टनच्या चौकशी आयोगाने २००२ मध्ये हेच म्हटले. त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी उपकरणे असती तर साथ टळली असती. तिथे यंत्र नव्हते. आणि रोज हाताने क्लोरीन मोजायचे ते न मोजता नोंदवहीत आकडे लिहिले जात होते.

आपल्याकडे गावोगावी जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर घालतात आणि अर्ध्या तासाने नळाच्या पाण्याची ओ.टी. चाचणी घेतात. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे दिसते. ऑर्थोटोलिडीन हे रसायन अपायकारक आहे, म्हणून मुलांच्या हाती ते देऊ नये. त्याऐवजी डीपीडीची चाचणी मिळते, तिच्यात रंग गुलाबी येतो. शाळेच्या टाकीतल्या पाण्याची ही चाचणी वरच्या वर्गातल्या मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली रोज घ्यावी आणि तारीख, वेळ, आकडा लिहावा. पहिल्या पावसानंतर आकडा कसा बदलतो ते पाहावे. क्लोरीन उतरलेले दिसले तर जलसुरक्षकाला लगेच कळवावे आणि त्या दिवशी पाणी उकळून प्यावे.

मात्र एक नियम पहिल्याच दिवशी सांगून ठेवावा. मोजले नसेल त्या दिवशी रकाना मोकळा ठेवायचा. अंदाजाने आकडा लिहायचा नाही.